आखूड दावं

घोडेगावचा जनावरांचा बाजार शुक्रवारी भरतो. आदल्या रात्रीपासूनच टेम्पो यायला लागतात आणि ऊन चढायच्या आत बैलांच्या, म्हशींच्या रांगा लागलेल्या असतात. बावीस वर्षं या बाजाराची बातमी मी देते आहे. आवक किती, गिऱ्हाईक कुठलं, मागणी जोडीला की दुभत्या म्हशीला, चारा संपला म्हणून विकायला काढलेली जनावरं कोणत्या तालुक्यातली. जिल्ह्यात पाऊसपाण्याचं कसं आहे ते सरकारी पत्रकाच्या आधी त्या मैदानावर कळतं.

ही बातमी मात्र माझ्या डाव्या गुडघ्याची आहे. बातमीत 'मी' लिहू नये, ही शिस्त मला पहिल्या नोकरीत लागली. इथे ती मोडावी लागते, कारण गुडघा दुसऱ्या कुणाचा नाही.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. ते माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेत. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही.

"मॅडम, जिन्यात तुम्ही मध्ये थांबता."

"फोन आला होता."

"रोज येतो?"

त्यांनी समोरचा कागद सरळ केला. भंडारदऱ्याचं धरण भरल्याची बातमी त्या पावसाळ्यात त्यांनी दुसऱ्याला दिली होती. तिथे चढ-उतार फार, म्हणून. तेव्हा मी काही बोलले नव्हते. आता ते शुक्रवारावर आले.

"घोडेगाव जड होत असेल तर सांगा. डेस्कला जुन्या माणसाची गरज आहेच. होळीपर्यंत बघू."

डेस्क म्हणजे मागची खोली. तिला खिडकी आहे, पण ती शेजारच्या भिंतीवर उघडते. दुसऱ्यांनी पाहिलेल्या गोष्टी तिथे दुरुस्त केल्या जातात. काम महत्त्वाचं आहे आणि मी ते करू शकते. पण मला ते करायचं नव्हतं. मला शुक्रवार हवा होता.

"जड होत नाही," मी म्हणाले आणि उठले. उठताना टेबलाच्या कडेवर हात टेकला. त्यांनी तो पाहिला.

गुडघा दोन वर्षांपूर्वी सुरू झाला होता. आधी जिना उतरताना, मग चढताना, मग काहीही न करता. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. दोन हाडांमधली फट डाव्या बाजूला जवळजवळ संपली होती. मधली गादी झिजली की परत येत नाही, ऑपरेशनची वेळ अजून आलेली नाही, आणि ती लांबवायची असेल तर वजन उतरवा, जमिनीवर बसू नका, कमोड बसवा, व्यायाम करा, असं त्यांनी सांगितलं. व्यायामाच्या सहा चित्रांचा एक कागद दिला. तो मी व्यवस्थित घडी घालून फायलीत ठेवला. कागद जपून ठेवायची सवय धंद्यातली आहे.

व्यायाम केला नाही. दुखतंय ते हलवू नये, हे आमच्या घरातलं सर्वमान्य मत. घरात आम्ही दोघीच: मी आणि माझी एक्याऐंशी वर्षांची आई, जी अजून पाटावर मांडी घालून जेवते आणि कशालाही न धरता उठते. "पडून राहा," ती म्हणायची. मी शनिवार-रविवार पडून राहायचे. सोमवारी पाय आणखी आखडलेला असायचा.

पत्रकाराचा गुडघा दुखतो हे कळलं की अख्खा जिल्हा औषध सांगतो. एका आमदारांनी पत्रकार परिषद थांबवून निर्गुडीच्या पाल्याचा शेक समजावला. एका पोलीस अधिकाऱ्यांनी डिंकाचे लाडू पाठवले. ते मी खाल्ले, वजन वाढलं. एका गावातल्या पुड्यांनी माणूस तीन दिवसांत पळायला लागतो असं चार जणांनी सांगितलं. पण त्या पुड्यांत काय असतं याची बातमी मीच केलेली होती, त्यामुळे ती सोय उरली नव्हती.

मी जे केलं ते सोपं होतं. शुक्रवारी पहाटे एसटीत बसले की दोन बिस्किटं आणि एक वेदनाशामक गोळी. इमामपूरचा घाट ओलांडेपर्यंत गुडघा गप्प व्हायचा. बाजारात दोन-तीन तास मी नीट चालायचे. ते शनिवारी वसूल व्हायचं. मग शनिवारीही गोळी, मग बुधवारच्या बैठकीसाठी एक. डॉक्टरांनी पुढच्या भेटीत विचारलं, किती घेता? मी म्हणाले, आठवड्याला एखादी. त्यांनी तेच लिहून घेतलं.

दुसरी युक्ती अशी की चारचौघांत बसायचंच नाही. बसलं नाही की उठावं लागत नाही. श्रीगोंद्याकडच्या एका कारखान्यात गळीत हंगामाची सुरुवात होती. पत्रकारांना पुढे खुर्च्या ठेवल्या होत्या. मी दोन तास मांडवाच्या खांबापाशी उभी राहिले, आणि "इथून फोटो चांगला येतो" असं विचारणाऱ्याला सांगितलं. लग्नात, वास्तुशांतीत पंगत बसली की मला उपास असायचा. दोन वर्षांत माझे उपास इतके वाढले की एका नात्यातल्या बाईंनी आईला विचारलं, लेकीनं कोणतं व्रत घेतलंय?

संपादकांनी बोलावलं त्याच आठवड्याच्या शुक्रवारी मी घोडेगावात होते. बैलांच्या रांगेत एक म्हातारे व्यापारी असतात. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणतो. तीन पिढ्या बैलांचा व्यापार, स्वतःची पन्नासेक वर्षं त्याच मैदानात. आकडा फुगवून सांगत नाहीत, म्हणून माझा शुक्रवार त्यांच्यापासून सुरू होतो. त्यांनी खुंट्यांमागे एक बाज टाकलेली असते.

"बसा बाई. चा घ्या."

"उभीच बरी आहे, चाचा."

"दोन वर्सं झाली, तुमी उभ्याच बऱ्या हाय." ते हसले. हसणं थांबल्यावर हातातली काठी समोरच्या रांगेकडे केली. "त्यो कोसा बैल बघा. तिसरा. त्याचं दावं कसं हाय?"

मी पाहिलं. शेजारच्या बैलांची दावी सैल होती, ते खाली बसून रवंथ करत होते. तिसऱ्याचं दावं खुंट्याला हातभर अंतरावर आवळलेलं होतं.

"आखूड आहे."

"का?"

कारण मला माहीत होतं. सांध्यात खोट असलेलं जनावर चालवून, अंग गरम करून आणलं, वर सुई टोचली, की चालीत काही दिसत नाही. दिसतं ते बसून उठताना. बैल आधी मागचं अंग उचलतो आणि क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर टेकलेला राहतो. दुखरा गुडघा त्या क्षणी अडकतो. म्हणून जाणती गिऱ्हाईकं उजाडता उजाडता येतात, जनावरं बसलेली असतात तेव्हाच, आणि समोर उठवून बघतात. ज्याला खोट लपवायची असते तो दावं आखूड बांधतो. जनावराला बसताच येऊ नये.

"बसू नये म्हणून," मी म्हणाले.

"मंग?" चाचांनी बाजेवर हात फिरवला. "बसा की."

मी बसले. चहा प्यायले. आवक विचारली, त्यांनी सांगितली, मी लिहून घेतली. मग उठायची वेळ आली. बाज बुटकी होती. मी दोन्ही हात बाजेच्या कडेच्या गाताला लावले, उजवा पाय मागे ओढला, एकदा अर्धी उठले आणि परत बसले. दुसऱ्यांदा उठले. तेवढ्या वेळात चाचांनी मान वळवून टेम्पोकडे पाहिलं. ती त्यांची रीत होती. मी उभी राहिल्यावर त्यांनी मान परत फिरवली.

"चालीत काय बी न्हाई. गोळी चांगली हाय तुमची. उठताना समदं दिसतं."

मला राग आला. बावीस वर्षं प्रश्न मी विचारते आहे. "तुम्ही काय करता अशा बैलाचं?" मी विचारलं. "दावं आखूड बांधता?"

"मी परत नेतो. विकीत न्हाई." ते मुळीच रागावले नाहीत. "रोज थोडं चालवायचं. दगडात न्हाई, चिखलात न्हाई. वजं कमी. गोठ्यात फरशी आसंल तर माती पसरायची, उठताना पाय घसरला न्हाई पायजे. बसवून ठिवला की संपला."

"आणि सुई?"

"सुई दिली की त्याला वाटतं, आपला पाय बरा हाय. त्यो तसाच वजं वढतो. ऱ्हायलेला पन जातो मंग." त्यांनी कपाच्या तळाचा चहा मातीत ओतला. "बैलाला सांगता येत न्हाई बाई. तुमाला तर तोंड हाय."

परतीच्या एसटीत मी वही उघडली आणि आठवड्यातल्या गोळ्या मोजल्या. सहा. खरा आकडा लिहायला दोन वर्षं लागली होती.

सोमवारी डॉक्टरांना म्हणाले, "मागच्या वेळी दिलेली माहिती चुकीची होती. दुरुस्ती करायची आहे." त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. मूत्रपिंडाचा आकडा वर गेला होता, फार नाही, पण वर. रक्तदाबही. त्यांनी आवाज चढवला नाही. माझ्या कागदावरचा जुना आकडा खोडून नवा लिहिला आणि म्हणाले, "गोळी बंद. फारच दुखलं तर मला फोन करायचा, मेडिकलवाल्याला नाही. आणि तो व्यायामाचा कागद कुठे आहे?"

"फायलीत."

"चांगल्या स्थितीत असेल."

त्यांनी फिजिओथेरपीला पाठवलं. ती मुलगी माझ्या निम्म्या वयाची होती. तिने बिनहाताची खुर्ची मांडली आणि सांगितलं, "हात छातीशी. अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा बसून उठता येईल तितक्या वेळा." मी चार वेळा उठले. पाचव्या वेळी हात सुटून खुर्चीच्या कडेला गेला.

"हा पाचवा मोजत नाही," ती म्हणाली.

चाचांच्या बाजेवरची आणि तिच्या खुर्चीवरची परीक्षा एकच होती. फरक इतकाच की तिने मान वळवली नाही.

पुढच्या महिन्यांत जे केलं त्यात वाचायला मजेचं काही नाही. सकाळी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. कठड्याला धरून टाचा उचलायच्या. खुर्चीवरून उठायचं, बसायचं. मग शहरातल्या किल्ल्याभोवतीच्या सपाट रस्त्यावर चालायचं, पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग पंधरा. पहिली पाच मिनिटं पाय दुसऱ्याचा असल्यासारखा वाटायचा. नंतर ढिला पडायचा. दुखतंय म्हणून थांबायचं नाही, आणि दुखणं दोन तासांनीही उतरलं नाही तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं, एवढाच नियम होता. पडून राहायचं बंद.

दिवसाला नऊ कप चहा व्हायचा, त्याचे तीन केले, बिनसाखरेचे. संध्याकाळी ऑफिसात कागदावर येणारी भजी बंद केली. ही गोष्ट गुडघ्यापेक्षा अवघड गेली, कारण भजी बातमीदारांच्या टेबलावर येतात आणि अर्ध्या बातम्या भज्यांभोवतीच कळतात. मी शेंगदाणे घेऊन त्याच टेबलाशी बसायला लागले. भाकरी दोनाची दीड झाली. साडेतीन महिन्यांत सात किलो उतरले.

आईला यातलं काहीच पटलं नाही. साडीखाली बूट पाहून ती म्हणाली, "पोलीस भरतीला निघालीस?" कमोड बसवायला माणूस आला तेव्हा ती दारात उभी राहून त्याला म्हणाली, "इथे आजारी कुणी नाही." ऑफिसातून एक टाकाऊ टेबल आणून मी स्वयंपाकघरात जेवायला मांडलं. आई पाट सोडेना. तिने पाट टेबलाशेजारी ठेवला आणि खालून बोलायला लागली.

"आईला पायाशी बसवलंय, म्हणतील लोक."

"वर ये की मग."

"मला काय झालंय?"

तिला काही झालं नव्हतं, हे खरंच होतं. कुणाचा सांधा कधी झिजेल याचा हिशेब चारित्र्यावर चालत नाही. पण आमच्याकडे जमिनीवर बसणं ही चारित्र्याची गोष्ट आहे. खुर्ची मागणारा माणूस म्हातारा, आजारी किंवा शिष्ट, यांपैकी एक असतो.

माघात मामा गेले. आईचे धाकटे भाऊ, श्रीगोंदा तालुक्यात राहायचे, शिक्षक होते, गावाच्या सोसायटीवरही होते. दशक्रियेला मोठी गर्दी झाली. संपादकही आले, मामांचा एक विद्यार्थी त्यांच्या घरातला होता. नदीवरचा विधी झाला, प्रवचन झालं. ते मी उभ्याने ऐकलं. मग मांडवात पंगत बसली. लांब सतरंज्या, पत्रावळी, द्रोण, वाढपी बादल्या घेऊन तयार. आई बायकांच्या ओळीत मांडी घालून बसली आणि शेजारची जागा हाताने झाडून मला खूण केली. समोरच्या ओळीत संपादक बसले होते.

मामेभावाने नेहमीप्रमाणे विचारलं, "ताई, तुझा आज उपास असेल ना?"

त्याने पळवाट आणून दिली होती. हो म्हणायचं, मांडवाच्या खांबाशी उभं राहायचं, वाढप्यांना इकडे-तिकडे सांगायचं. पण त्या सकाळी मी तीन तास उभी होते, आणि उभं राहणं ही माझी ताकद आहे असं आता मला वाटेनासं झालं होतं. ते आखूड दावं होतं आणि ते मीच बांधलेलं होतं.

"उपास नाही," मी म्हणाले. "मला खुर्ची दे."

तो गोंधळला. "आत बसतेस का? आत पान वाढतो."

"आत नाही. इथे. पंगतीत."

मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पण त्या पुढाऱ्यांच्या श्रद्धांजलीसाठी होत्या आणि एकावर एक रचून ठेवल्या होत्या. एक खुर्ची डोक्यांवरून हातोहात पुढे आली. ती येईपर्यंत निम्मी पंगत माझ्याकडे बघत होती. मी ओळीच्या टोकाला, आईच्या शेजारी खुर्ची मांडली आणि बसले. पत्रावळीखाली ताट घेऊन ती मांडीवर धरली. वाढपी वाकायला आला आणि मध्येच सरळ झाला.

आई पानाकडे बघत म्हणाली, "भावाच्या दहाव्याला. सगळ्यांच्या डोक्यावर बसलीस."

"मामा असते तर त्यांनीच दिली असती."

"तो असता तर लाजेनं मेला असता."

ती काय बोलून गेली हे तिच्याच लक्षात आलं. तिच्या तोंडावर पदर गेला. रडते की हसते ते मला वरून दिसत नव्हतं. बहुधा दोन्ही.

बुंदी वाढून होईपर्यंत पुरुषांच्या ओळीतून एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याचा आवाज आला. "आरं, अजून एखादी हाय का बघ तसली." त्याला खुर्ची मिळाली. पंगत उठेपर्यंत ओळींत चार खुर्च्या होत्या. कुणी भाषण केलं नाही. संपादक हात धुवायला जाताना माझ्यासमोर क्षणभर थांबले, मान हलवली आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता केबिनमध्ये बोलावणं आलं. मी दोन जिने चढले. मध्ये थांबले नाही, पण कठडा धरला.

"मॅडम, काल पाहिलं मी."

"दिसावं म्हणूनच बसले होते."

ते थोडा वेळ पेन फिरवत राहिले. माणूस वाईट नाही. "मग आता तुम्हीच सांगा. पंगतीत खुर्ची लागते, आणि घोडेगावच्या मैदानात तीन तास? उद्या काही झालं तर ऑफिसवर येईल."

"सर, बैल घेताना घोडेगावात काय बघतात माहीत आहे?"

"दात."

"दात वय सांगतात. पाय बघायचे असतील तर बसवून उठवतात." त्यांच्यासमोरची खुर्ची हाताची होती. मी भिंतीजवळची बिनहाताची खुर्ची ओढून मध्ये ठेवली. "बघा."

"अहो मॅडम, असू द्या."

"नाही, बघा. मोबाईलवर अर्धं मिनिट लावा."

त्यांनी मोबाईल लावला, बहुतेक मला थांबवणं अवघड वाटलं म्हणून. केबिनला काच आहे. बाहेर तीन-चार माना वळल्या. मी हात छातीशी घेतले आणि बसून उठायला लागले. तिसऱ्या वेळी गुडघा कटकन वाजला. सातव्या वेळी पुन्हा.

"आवाज येतोय," ते म्हणाले.

"येऊ द्या. उठतेय की नाही ते मोजा."

अकरा झाले. नोव्हेंबरात चार होते, तेही मी सांगितलं. सात किलो सांगितले. मूत्रपिंडाचा आकडा खाली आल्याचं सांगितलं, आणि तो कशाने वर गेला होता तेही. दोन वर्षं गोळी खाऊन मी त्यांना खोटी चाल दाखवत होते, हे मी सांगत असताना ते खाली बघत राहिले. मग मी माझ्या अटी सांगितल्या. मागच्या खोलीतलं घडीचं स्टूल मी बाजारात नेणार. पहिल्या एसटीने जाणार, ऊन तापायच्या आत मैदान सोडणार, बातमी तिथूनच मोबाईलवर देणार. ज्या शुक्रवारी गुडघा सुजलेला असेल त्या शुक्रवारी आदल्या दिवशीच कळवणार. आणि हातात काठी असणार.

"काठी?" ते म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"जनावरांच्या बाजारात, सर, काठी नसलेला माणूस मी एकटीच होते."

हे खरं होतं. ऑफिसच्या जिन्यात जी काठी घ्यायची मला दोन वर्षं लाज वाटली, ती घोडेगावात प्रत्येकाच्या हातात असते. दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, एवढंच मला वेगळं शिकावं लागलं.

त्यांनी मोबाईल बंद करून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "पुढच्या दिवाळीपर्यंत बघू."

"दिवाळीला परत उठून दाखवीन. आणि भंडारदऱ्याबद्दलही बोलायचं आहे."

"ते नंतर, मॅडम."

त्या शुक्रवारी मी पहिल्या एसटीने गेले. गोळी घेतली नाही. घाट ओलांडेपर्यंत गुडघा बोलत होता, त्याला बोलू दिलं. उतरल्यावर फाट्यापाशी दोनशे पावलं सावकाश चालले, तेव्हा तो नेहमीसारखा ढिला पडला. मैदानात जनावरं अजून बसलेली होती. जाणती गिऱ्हाईकं रांगांतून फिरत होती, काठीने पाठीला डिवचत होती, एकेक बैल मागून उठत होता, पुढे टेकत होता, उभा राहत होता.

चाचांनी माझी काठी पाहिली, बूट पाहिले, काखेतलं स्टूल पाहिलं. "दुकान टाकताय का?" ते म्हणाले.

मी स्टूल उघडलं नाही. त्यांच्या बुटक्या बाजेवर बसले. चहा घेतला. आवक लिहिली. मग काठी बाजूला ठेवली आणि उठले. एका दमात नाही. निम्म्यावर क्षणभर थांबावं लागलं, गुडघा वाजला, आणि मग उभी राहिले. चाचांनी या वेळी टेम्पोकडे बघितलं नाही. शेवटपर्यंत बघत राहिले.

"खोट हाय अजून," ते म्हणाले.

"राहणार. गेलेली गादी येत नाही म्हणतात."

"पन उठताय." त्यांनी दाढी खाजवली. "दाखवायला हरकत न्हाई आता."

"दाखवायलाच आणलाय, चाचा. विकायला नाही."

ते इतके मोठ्याने हसले की शेजारचा बैल दचकून उभा राहिला. मी काठी उजव्या हातात घेतली आणि म्हशींच्या रांगेकडे निघाले. त्या दिवशी आवक चांगली होती. पारनेरकडून चाऱ्याअभावी आलेली जनावरं जास्त होती, ती बातमी पहिल्या पानावर गेली. भंडारदऱ्याची बातमी परत मला मिळावी म्हणून केलेला अर्ज संपादकांच्या टेबलावर आहे. तो मी मागे घेतलेला नाही.